भवानीचं बदक

जमनाशी मी एका शब्दानेही खोटं बोलले नाही. तरी तिला फसवलं. तिचाच नियम तिच्यावर उलटवून फसवलं, आणि हे खोटं बोलण्याहून वाईट आहे हे करतानाही मला कळत होतं. म्हणून लिहून ठेवते आहे. कुणी 'जाऊ दे माई' म्हणू नये.

जमना सातपाटीची. मासे विकते. वय विचारलं तर म्हणते, "मितेसला इचारा, आदारकार्ड त्याच्याकडं असते." मितेश तिचा मुलगा, बोईसरच्या एमआयडीसीत कंत्राटावर आहे. तेजल सून. नवरा भिका दम्याने गेला त्याला एकोणीस वर्षं झाली. तो होता तेव्हाही दारोदार जायची ती जमनाच. समुद्र त्याचा, रस्ता तिचा. काळीसावळी, ठेंगणी, चालणं मात्र असं की रिक्षावाल्याने हॉर्न दिला तरी रेषा सोडायची नाही.

मी शिरगावची. सातपाटीहून आलं की रस्त्यावरचं पहिलं घर माझं, चिकूच्या वाडीला लागून. तारापूरच्या रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं नोकरी केली, त्यामुळे घड्याळाशी माझं बरं जमतं. सकाळी पावणेआठला जमनाची हाक यायची, "माईऽऽ, कोलंबी हाय, बोंबील हायत!" आणि पहिलं घर माझं म्हणून तिची भवानीही रोज माझ्याच हातची. चौतीस वर्षं.

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, हे कुणाला सांगायला नको. पण जमनाइतकी ती पाळणारी बाई मी पाहिली नाही. पहिली नोट आधी कपाळाला, मग टोपलीला. भवानीच्या गिऱ्हाइकाला 'नाय' म्हणायचं नाही, मागेल ते द्यायचं, आणि जे असेल त्यातलं चांगलं द्यायचं. एकदा मी घेतलेलं पापलेट पाहुणे रद्द झाले म्हणून तासाभराने परत द्यायला गेले, तर तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. "भवानीचा माल परत आला तर वरीसभर टोपली भरलेलीच परत येते, माई. ते ठेवा, हे पन ठेवा," असं म्हणून वर दोन मांदेली टाकून गेली. मी रसायनशास्त्राची पदवीधर. हसले होते तेव्हा.

पण एका गोष्टीवर हसता आलं नव्हतं. हे गेले तेव्हाची गोष्ट. तेरावं झालं, घर रिकामं झालं. चौदाव्या दिवशी पावणेआठला हाक आली. मी फाटकाशी जाऊन म्हटलं, "जमना, आता भवानी जागृतीकडे कर. माझ्या हातची नको." जागृती शेजारीण, तिचं कपाळ भरलेलं. बाकीच्या विकणाऱ्यांनी तेवढ्यात मला वगळायला सुरुवात केलीच होती. दूधवाल्याची बायकोसुद्धा आधी पुढे जाऊन मग मागे यायची. जमनाने टोपली डोक्यावरून उतरवून माझ्यासमोर ठेवली. स्वतः विधवाच की. म्हणाली, "टोपलीला हात लागतो, माई. कुकू नाय लागत. बसा, कोलंबी निवडा."

त्या दिवशी मी कोलंबी निवडली, घरात नेली आणि मग रडले. चौदा दिवसांत पहिल्यांदा.

हे एवढं मी मुद्दाम आधी सांगितलं. आता माझं सांगते.

माझा मुलगा अनुज सहा वर्षं शांघायला आहे, कापड-यंत्रांच्या कंपनीत. सून रूपल, नात रिद्धी, वय अकरा. या डिसेंबरला तिघं नाताळच्या सुट्टीत येणार होती. फोनवर रिद्धी म्हणाली, "आजी, आम्ही थर्टीफर्स्टला दरवर्षी बदक खातो. तिकडचं, लाल, कुरकुरीत. तू करशील?"

मी तोंड उघडायच्या आत मागून अनुज म्हणाला, "अगं, ते आजीला नाही जमणार. आपण हॉटेलात जाऊ."

झालं. मला 'नाही जमणार' म्हटलेलं जमत नाही.

मी वही काढली. चार रात्री यूट्यूब पाहिलं. चिनी पद्धतीचं बदक हे स्वयंपाकापेक्षा प्रयोगशाळेला जवळचं प्रकरण आहे. आधी कातडी आणि मांस यांच्यामध्ये हवा भरायची, मग वरून उकळतं पाणी ओतायचं, मग गोड पाक चोपडायचा, मग एक रात्र वाऱ्यावर टांगून ठेवायचं. कातडी कागदासारखी वाळली पाहिजे. मग भट्टीत. वर पातळ पोळ्या, पातीचा कांदा, काकडीच्या काड्या आणि गोडसर काळी चटणी. पाकासाठी मी ताडगूळ ठरवला. चटणीला चिंच, आलुबुखार आणि सोया सॉस. पोळ्या मैद्याच्या, दोन लाट्या एकावर एक तेल लावून लाटायच्या, भाजून सोडवायच्या. हे तर आमचं घरचंच. हवा भरायला अनुजच्या जुन्या सायकलचा पंप गरम पाण्याने धुऊन ठेवला.

जागृती डोकावली. "माई, स्वयंपाक करताय की पंक्चर काढताय?"

"तू तुझं बघ."

"आणि तुमच्या त्या ओव्हनमध्ये बदक बसणार कसं? पाय बाहेर काढून?"

ते तिचं बरोबर होतं. मी मापं घेतली, पाय आणि मान कापली तर बसत होतं. सगळं तयार. फक्त बदक नव्हतं.

पालघरच्या बाजारात नाही. बोईसरला एका चिकनवाल्याने डोळे बारीक करून विचारलं, "बदक? आंटी, ऑर्डर पे मिलेगा. जनवरी में." जनवरी में माझी माणसं विमानात. आणि बदकं मला माहीत होती. रोज माझ्या दारात येणाऱ्या बाईकडे सहा बदकं होती.

जमनाची बदकं ही सातपाटीत थट्टेची गोष्ट. आठ-नऊ वर्षांपूर्वी मासवणकडच्या एका बाईने सुक्या बोंबलांच्या बदल्यात तिला एक जोडी दिली, तिथून वाढली. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, मासळी नसते, तेव्हा जमना बोईसरला कामगारांच्या चाळीत बदकाची अंडी विकते. बंगाली, बिहारी पोरं आवडीने घेतात. घरामागच्या तळ्यात बदकं पोहतात. संध्याकाळी सगळ्यात थोरली मादी पुढे आणि बाकीची पाच तिच्यामागे रांगेत घरी येतात. त्या थोरलीला जमना 'मोठी' म्हणते. "माज्या सुनेपेक्षा येळेवर येते," हे ती तेजलसमोरच म्हणते, आणि तेजल म्हणते, "मंग तिलाच सांगा भाकऱ्या थापायला."

डिसेंबरच्या मध्याला मी पहिल्यांदा विचारलं. कोलंबी घेऊन झाली होती, ती टोपली उचलत होती.

"जमना, एक बदक दे ना मला. थर्टीफर्स्टला करायचंय."

ती हसली. "आमची बदकं खायाची नाय, माई. अंडी आनते."

"पैसे घे हवे तेवढे."

"अंडी आनते," ती म्हणाली आणि गेली.

आठवड्याने पुन्हा विचारलं, पुन्हा अंडी. सहा अंडी घेऊनही आली. मी चिडले. खरंच चिडले. सहातलं एक बदक गेल्याने असं काय होणार होतं? मासे विकणारी बाई, रोज शेकडो जीव टोपलीत घालून आणते, आणि बदकाचं एवढं कौतुक? हे मी तिला म्हटलं नाही, पण मनात पुरेपूर म्हटलं.

अठ्ठावीस तारखेला पावणेआठच्या आधीच मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. रोज मी घरात असते, हाक आली की बाहेर येते. त्या दिवशी आधी जाऊन उभी. तिने लांबून पाहिलं, हसली, "आज लवकर?" म्हणाली. टोपली उतरवायला वाकली. कापड अजून उचललंही नव्हतं.

मी नोट पुढे धरली आणि म्हटलं, "भवानी करते, जमना. एक बदक दे."

ती तशीच वाकलेली राहिली. मग सरळ झाली. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं रागावेल, किंवा 'काय माई तुमी' म्हणेल, मग मी थोडी मखलाशी करेन. तसं काही नाही. एखाद्या ओळखीच्या माणसाला नीट ओळखण्यासाठी पाहावं तसं पाहिलं. नोट घेतली. कपाळाला लावली. टोपलीला लावली.

"उद्या आनते," म्हणाली.

"आणि मासे?"

"भवानी झाली ना," असं म्हणून ती गेली. भवानीला मी मासे मागितलेच नव्हते.

मी आत आले, चहा ठेवला, वहीत 'बदक' या शब्दापुढे बरोबरची खूण केली. अनुज दुपारी येणार होता, पलंगपोस बदलायचे होते.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा टोपलीत मासे नव्हते. गोणपाट होतं, आणि गोणपाटातून मान बाहेर काढून इकडेतिकडे बघणारी मोठी. पाय जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेले, पण दोऱ्याखाली चिंधी गुंडाळलेली, काचू नये म्हणून.

"अगं, मोठी कशाला? नर द्यायचा होतास एखादा."

"भवानीला हलकं देत नाय," जमना म्हणाली. "कापायचं तुमी बघा. मला सांगू नका." आणि माझ्याकडे न पाहता रिकामी टोपली काखेत मारून निघाली. टोपली काखेत मारलेली जमना मी कधी पाहिली नव्हती.

घरात जल्लोष झाला. रिद्धीने मोठीचे फोटो काढले. अनुज म्हणाला, "आई, तू म्हणजे ना! मिळवलंसच." मागच्या पडवीत धुण्याच्या दगडापाशी तिला बांधली. विश्राम चिकनवाला दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला येऊन कापून देणार होता, म्हणजे मग रात्रभर वाळायला वेळ. पडवीत मी आकडाही ठोकून ठेवला. रूपल म्हणाली, "आई, हे अगदी बोंबील वाळवतात तसंच झालं." तसंच. जमनाला शिकवायला नको, असं माझ्या तोंडून जाणार होतं. गिळलं.

संध्याकाळी कोलंबी सांगायला जमनाच्या घरी फोन केला. तेजलने उचलला.

"आई तळ्यावर हाय, माई. बदकं घरी येत नायत."

"का?"

"मोठी नाय ना. तिच्यामागनं यायची सगळी. आता पान्यात गोल गोल फिरतायत. कुत्री काठाला बसलीत. काल रातीला आई तिला जवळ घेऊन बसलेली. मी म्हटलं, देऊ नका ना, नको बोला माईंना. तर बोलली, माईंनी भवानीला मागितलं, आता कसं नाय बोलू?" मग म्हणाली, "तुमाला ठाव नसंल ना पन, माई. भवानीचं."

तेजलला खरंच वाटत होतं की मला ठाऊक नसेल.

मी "कोलंबी राहू दे" म्हणून फोन ठेवला. जेवण गेलं नाही. अनुजने विचारलं, मी पित्ताचं नाव पुढे केलं. पडवीत मोठी अधूनमधून ओरडत होती. दुसरं कुणी उत्तर देत नव्हतं म्हणून पुन्हा ओरडत होती.

तीस तारखेला पावणेआठ झाले. हाक नाही. आठ झाले. चौतीस वर्षांत जमना येणार नसली की आदल्या दिवशी सांगायची. नऊला विश्राम आला, सुरी पेपरात गुंडाळून.

"कुठंय, माई?"

"विश्राम, तू जा. एक कोंबडी सोलून ठेव, मोठी, कातडीसकट. संध्याकाळी नेते."

"आणि बदक?"

"जा म्हटलं ना."

मोठीला गोणपाटात घेतलं, स्कूटीच्या पुढे पायापाशी ठेवलं आणि सातपाटी गाठली. अनुज मागून ओरडत होता, "आई, अगं चाललीस कुठे?"

जमना घरामागे तळ्याच्या काठावर उकिडवी बसली होती. पाण्यात चार बदकं होती. पाच असायला हवी होती. मी मोजली, तिने मला मोजताना पाहिलं. मोठीने आवाज केला. पाण्यातली चारही एकदम वळली.

"घे," मी म्हटलं. "माझं चुकलं. मी मुद्दाम केलं. तू नाही म्हणशील म्हणून भवानीला मागितलं."

"मला ठाव हाय."

"मग घे परत."

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. अगदी त्या पापलेटाच्या दिवशीसारखे.

"भवानीचा माल परत घेत नाय, माई."

"जमना, जीव आहे तो! पापलेट नाही."

"मला सांगता?" ती पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली. तेजल दारात आली आणि तशीच उभी राहिली.

माझं डोकं कुठे थांबतं? मी म्हटलं, "बरं, मग असं कर. मी विकते. मी इथे बसते, तू गिऱ्हाईक हो. माझी भवानी कर. मग तर चालेल?"

जमना माझ्याकडे बघत राहिली, आणि मग हसली. त्या हसण्याने मला जे झालं ते तिच्या ओरडण्याने झालं नव्हतं.

"तुमी लई शिकलेल्या, माई. नियमातनं वाट काढता. परवा पन काढलीत." तिने मोठीच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं, एकदाच. "न्या. तुमची हाय. पोटात घाला नायतर पडवीत ठेवा. माजी नाय आता."

मी मोठीला घेऊन परत आले. येताना पाण्यातली चार काठापर्यंत आली होती, मागे वळून पाहिलं नाही तरी ऐकू येत होतं.

एकतीसला जेवण झालं. आदल्या संध्याकाळीच मी कोंबडीत पंपाने हवा भरली, उकळतं पाणी ओतलं, ताडगुळाचा पाक तीनदा चोपडला, रात्रभर आकड्याला टांगली. रंग सुरेख आला. पोळ्या पारदर्शक झाल्या. अनुज म्हणाला, "आई, चव जवळजवळ तीच आहे गं." रिद्धी पोळीत कांद्याची पात गुंडाळत म्हणाली, "आजी, बदकापेक्षा हे बरं. बदक तर मागे जिवंत आहे." सगळे हसले. मागे पडवीतून मोठीने आवाज दिला, पुन्हा हसले. मी पोळ्या वाढत राहिले. बसा ना आई, बसा ना, रूपल म्हणत होती. माझ्या ताटात एकच घास घेतला होता, तोही मी तोंडात फिरवत होते.

दोन तारखेला मंडळी गेली. जमना पाच तारखेला आली. हाक ऐकली आणि मी दाराशी गेले. ती माझ्या फाटकावरून तशीच पुढे गेली, जागृतीकडे भवानी केली, मग परत येऊन माझ्यापुढे टोपली ठेवली. "कोलंबी हाय," म्हणाली. वजन चोख, मासे ताजे, बोलणं गोड. चौदाव्या दिवशी जी माझ्याच फाटकाशी थांबली होती, तिच्या दिवसात मी आता दुसरं घर होते.

हाक ऐकली की मोठी पडवीतून धावत येते, फाटकाच्या गजांतून मान बाहेर काढते. जमना तिच्याकडे पाहत नाही. मोठी अंडी देते आहे. ती मी जमनाच्या टोपलीत ठेवते. अंडी ती घेते. अंडी भवानीची नव्हती.

मागच्या आठवड्यात जागृती माहेरी गेली होती. पावणेआठला हाक आली आणि जमना जागृतीच्या कुलपापाशी जाऊन थांबली. मी खिडकीतून पाहिलं. पुढचं घर वाडीच्या पलीकडे, चांगलं लांब. मी बाहेर गेले नाही. आतूनच ओरडले, "जमना, पुढे जाऊन ये. भवानी करून ये. मी थांबते."

मग टोपली खाली ठेवल्याचा आवाज आला, माझ्याच फाटकाशी.

"या भाईर," ती म्हणाली. "बोंबील हायत फक्त. दुसरं काय मागायचं नाय."

मी गेले. "बोंबीलच दे," म्हटलं. निवडले नाहीत. तिने जे हातात दिले ते घेतले, नोट दिली आणि तशीच वळून आत आले. नोट तिने कपाळाला लावली की नाही, ते मी पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही.